चार्ल्स वॉर मॅलेट

सर चार्ल्स वॉर मॅलेट (१७५२ – २४ जानेवारी १८१५) हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबई इलाख्यातील अधिकारी आणि पेशव्यांच्या दरबारातील पहिला ब्रिटिश रेसिडेंट होता. मराठी कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'मालेट' असा येतो. १७९० चा पुण्याचा तह, वेरूळच्या लेण्यांवरील त्याचा लेख, शनिवारवाड्यातील चित्रशाळेस त्याने दिलेले पाठबळ आणि सवाई माधवरावांच्या दरबाराचे प्रसिद्ध तैलचित्र यांमुळे मराठ्यांच्या इतिहासात त्याचे नाव येते. निवृत्तीनंतर त्याने इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात विल्बरी हाउस हा ग्रामीण वाडा विकत घेतला.

पूर्वायुष्य

मॅलेटचा जन्म नैर्ऋत्य इंग्लंडमधील एका जुन्या घराण्यात झाला. वडील अलेक्झांडर मॅलेट हे धर्मोपदेशक होते. घराण्याला प्रतिष्ठा असली तरी मोठी जहागीर नव्हती, आणि अशा घरांतील मुलांना त्या काळी कंपनीची नोकरी हा भाग्योदयाचा मार्ग वाटे. १७७० मध्ये तो कंपनीच्या सेवेत मुंबईला आला.

पुढे त्याची नेमणूक गुजरातेत खंबायत येथे झाली. फेब्रुवारी १७७५ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांच्या फौजेकडून पराभूत झालेला रघुनाथराव पेशवा पळत खंबायतेस पोहोचला. तेथील नवाब त्याला आश्रय देण्यास तयार नव्हता. मॅलेटने त्याला भावनगरकडे सुखरूप रवाना केले. तेथून तो समुद्रमार्गे सुरतेस गेला आणि मार्चमध्ये सुरतेचा तह होऊन पहिले इंग्रज-मराठे युद्ध पेटले. ज्या तरुण अधिकाऱ्याने राघोबाला वाचवले, तोच दहा वर्षांनी नाना फडणीसांच्या दरबारात कंपनीचा वकील म्हणून उभा राहणार होता.

पुणे दरबारातील कारकीर्द

सालबाईच्या तहाने (१७८२) युद्ध संपले. या तहात महादजी शिंदे हे जामीन होते, त्यामुळे कंपनी व पुणे दरबार यांच्यातील व्यवहार त्यांच्यामार्फत चालत. पुण्यात स्वतंत्र वकील असावा असे कंपनीला वाटत होते. महादजींना मात्र हे रुचणारे नव्हते. म्हणून मॅलेटला थेट पुण्यास न पाठवता प्रथम महादजींच्या भेटीस पाठवण्यात आले. १७८५ मध्ये सुरतेहून निघून उज्जैन, ग्वाल्हेर व आग्रा असा लांबचा प्रवास करून त्याने त्यांची संमती मिळवली आणि मार्च १७८६ मध्ये तो पुण्यास दाखल झाला. दरबारातर्फे त्याच्याशी बोलणी करण्याचे काम बहुधा बहिरोपंत मेहेंदळे यांच्याकडे असे.

मुळा-मुठेच्या संगमावर त्याला राहण्यास जागा देण्यात आली. संगमावरचा बंगला म्हणून ओळखली जाणारी ही वास्तू पुढे एल्फिन्स्टनच्या काळापर्यंत रेसिडेन्सीचे ठाणे राहिली. येथून मॅलेटने मुंबई व कलकत्त्यास पाठवलेली पत्रे उत्तर पेशवाईच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे साधन आहेत. ती १९३६ मध्ये गो. स. सरदेसाई यांनी पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहाराच्या दुसऱ्या खंडात संपादित केली. अर्थात हा पत्रव्यवहार कंपनीच्या हितासाठी लिहिलेला आहे. दरबारातील फुटींचे वर्णन त्यात बारकाईने येते, कारण त्या फुटी जाणून घेणे हेच लेखकाचे काम होते.

त्याचे सर्वांत मोठे राजकीय यश म्हणजे १ जून १७९० रोजी झालेला पुण्याचा तह. त्यानुसार मराठे टिपू सुलतानाविरुद्ध कंपनी व निजाम यांच्या बाजूने युद्धात उतरले. याबद्दल १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. खर्ड्याची लढाई आणि सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू (१७९५) या घटना त्याच्याच कारकिर्दीत घडल्या. १७९७ च्या आरंभी त्याने पुणे सोडले व पुढील वर्षी तो इंग्लंडला परतला.

भारतातील वास्तव्यात अंबर कौर ही भारतीय स्त्री त्याची सहचारिणी होती. तिच्यापासून त्याला अपत्येही झाली. चित्रकार जेम्स वेल्स याने तिचे व्यक्तिचित्र काढले होते. राजकीय कागदपत्रांवर आधारलेल्या चरित्रांत तिला सहसा स्थान मिळत नाही.

चित्रशाळा आणि वेरूळ

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला व पुढील वर्षी मॅलेटच्या आश्रयाने पुण्यात पोहोचला. सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रे आजही पाठ्यपुस्तकांतून दिसतात. या व्यक्तींचे चेहरे मराठी वाचकांना मुख्यतः वेल्समुळेच परिचित आहेत. वेल्स व मॅलेट यांच्या प्रयत्नाने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली. तेथे तयार झालेल्यांपैकी गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा सर्वांत गुणी ठरला. वेरूळ, कार्ले येथील लेण्यांची त्याने केलेली रेखाटने अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जतन केलेली आहेत.

मॅलेटने १७९४ मध्ये वेरूळच्या लेण्यांचे सविस्तर वर्णन लिहिले. ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यातील कालनिर्णय व पुराणकथांचे अर्थ आज टिकणारे नाहीत. तरीही लेण्यांची मापे व प्रत्यक्ष निरीक्षण यांवर भर देणारा तो आरंभीचा इंग्रजी लेख आहे. वेल्स मात्र हे काम पुरे करू शकला नाही. साष्टीतील लेण्यांची चित्रे काढत असताना ताप येऊन नोव्हेंबर १७९५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची रेखाटने मॅलेटच्या हाती आली. त्यांवरून थॉमस डॅनियलने वेरूळचा चोवीस चित्रांचा संच तयार करून १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केला.

१७९९ मध्ये मॅलेटने वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी विवाह केला. त्यांना आठ मुलगे झाले.

विल्बरी हाउस

हिंदुस्थानातून संपत्ती मिळवून परतलेल्या कंपनीच्या नोकरांना इंग्लंडमध्ये 'नबाब' या शब्दाच्या अपभ्रंशाने हिणवले जाई. जमीन आणि ग्रामीण वाडा हाती आला म्हणजे ही ओळख पुसली जाऊन उमराव वर्गात जागा मिळे. मॅलेटने १८०३ मध्ये न्यूटन टोनी गावाजवळील विल्बरी हाउस घेतले, त्यामागे हेही एक कारण असावे.

हा वाडा साधा नव्हता. विल्यम बेन्सन याने तो १७१० च्या सुमारास स्वतःसाठी बांधला. सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार पलाडिओच्या शैलीचे इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात जे पुनरुज्जीवन झाले, त्यातील अगदी पहिल्या घरांत विल्बरीची गणना होते. १७१५ मध्ये निघालेल्या 'विट्रुव्हियस ब्रिटानिकस' या वास्तुग्रंथाच्या पहिल्या खंडात त्याचा आराखडा छापलेला आहे. बेन्सन १७१८ मध्ये क्रिस्तोफर रेन या विख्यात वास्तुकाराच्या जागी राजवाड्यांच्या बांधकामाचा प्रमुख झाला, पण वर्षभरातच अकार्यक्षमतेमुळे त्याला काढून टाकण्यात आले. १७३४ मध्ये वाडा बँकर हेन्री होर याच्याकडे गेला व त्यानंतर फुल्क ग्रेव्हिल याच्याकडे. मूळचे आटोपशीर घर पुढील मालकांनी वर व बाजूंना वाढवले. मॅलेटच्या हाती आला तो असा अनेक हातांनी बदललेला वाडा.

मॅलेटचा अखेरचा काळ येथेच गेला. याच काळात त्याच्या मागणीवरून डॅनियलने वेल्सच्या रेखाटनांच्या आधारे पुणे दरबाराचे भव्य तैलचित्र रंगवले. ते १८०५ मध्ये पूर्ण झाले आणि १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने त्याची मुद्रित आवृत्ती काढली. १७९० च्या तहाची प्रत मॅलेट तरुण पेशव्यास देत आहे, असा त्यातील प्रसंग आहे. पार्श्वभूमीस शनिवारवाड्यातील गणपती रंगमहाल आहे असे मानले जाते. हे चित्र पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तह झाला तेव्हा वेल्स पुण्यात आलाही नव्हता. चेहरे, पोशाख व महालाची सजावट यांची रेखाटने प्रत्यक्ष पाहून केलेली असली, तरी प्रसंगाची जुळणी इंग्लंडमध्ये, मॅलेटच्या सांगण्यावरून झाली, आणि चित्राच्या केंद्राजवळ तो स्वतः आहे.

असे असूनही या चित्राचे मोल मोठे आहे. संगमावरचा बंगला नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी जाळण्यात आला. शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत भस्मसात झाला आणि आज त्याची तटबंदी, दरवाजे व जोतीच उरली आहेत. दरबार भरत असलेला महाल कसा दिसत होता, हे सांगणारी समकालीन चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हे त्यांतील सर्वांत तपशीलवार. आता ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. विल्बरी हाउस मॅलेट घराण्याकडे विसाव्या शतकापर्यंत राहिले. नंतर ते विकले गेले, पण वास्तू उभी आहे.

वंशज

ज्येष्ठ पुत्र अलेक्झांडर हा दुसरा बॅरोनेट जर्मनीत ब्रिटिश राजदूत होता, तर नातू एडवर्ड याने इजिप्त व बर्लिन येथे काम केले. आर्थर मॅलेट मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत मुख्य सचिव व गव्हर्नरच्या मंडळाचा सदस्य झाला. महाराष्ट्रात सर्वाधिक परिचित आहे तो मात्र ह्यू पॉइंट्झ मॅलेट. ठाण्याचा कलेक्टर असताना मे १८५० मध्ये चौक गावाहून तो माथेरानच्या डोंगरावर चढला, आणि त्यानंतर तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. माथेरानवर बांधले गेलेले पहिले घर त्याचेच होते.