एमिली द्यु शातले

एमिली द्यु शातले (जन्म : पॅरिस, १७ डिसेंबर १७०६, मृत्यू : ल्युनेव्हिल, १० सप्टेंबर १७४९) या फ्रेंच गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व अनुवादक होत्या. आयझॅक न्यूटन यांच्या ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथाचा त्यांनी केलेला फ्रेंच अनुवाद आजही प्रमाण मानला जातो. गतिमान वस्तूच्या बलाचे मापन कसे करावे, या अठराव्या शतकातील वादातही त्यांनी महत्त्वाची भूमिका बजावली.

पूर्वायुष्य
त्यांचे वडील चौदाव्या लुईच्या दरबारात मानाच्या पदावर होते. १७२५ मध्ये त्यांचा विवाह मार्की द्यु शातले या सरदाराशी झाला. पुढे त्यांनी मोपेर्त्युई व क्लेरो या गणितज्ञांकडे उच्च गणिताचे धडे घेतले. त्या काळी स्त्रियांना पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळत नसे. त्यामुळे त्यांचा अभ्यास प्रामुख्याने घरीच झाला. सिरे येथील वाड्यात लेखक व्हॉल्तेअर यांच्या सहवासात त्यांनी मोठा ग्रंथसंग्रह जमवला व अनेक प्रयोग केले.

अकादमीने अग्नीच्या स्वरूपावर निबंधस्पर्धा जाहीर केली तेव्हा व्हॉल्तेअर यांच्या नकळत त्यांनी स्वतंत्र निबंध पाठवला. दोघांनाही पारितोषिक मिळाले नाही. मात्र अकादमीने दोन्ही निबंध छापले.

बलाच्या मापनाचा वाद
त्या काळी फ्रान्समध्ये देकार्त यांच्या मताचा पगडा होता. सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यांमुळे ग्रह फिरतात, असे ते मत होते. स्पर्शावाचून दुरून कार्य करणारे न्यूटनचे गुरुत्वाकर्षण अनेक फ्रेंच विद्वानांना पटत नव्हते. द्यु शातले यांनी न्यूटनचे यामिकी स्वीकारले. पण त्याला त्यांनी अंतिम शब्द मानले नाही. आपल्या मुलासाठी लिहिलेल्या ‘भौतिकशास्त्राची मूलतत्त्वे’ (१७४०) या ग्रंथात त्यांनी न्यूटनच्या विचारांना लायब्निट्स यांच्या तत्त्वज्ञानाची जोड दिली.

देकार्त यांचे अनुयायी गतिमान वस्तूचे बल वस्तुमान व वेग यांच्या गुणाकाराने मोजत. लायब्निट्स यांच्या मते वेगाचा वर्ग घ्यायला हवा होता. डच शास्त्रज्ञ स-ग्राव्हेसांदे यांनी मऊ मातीवर धातूचे गोळे टाकून पाहिले होते. दुप्पट वेगाने आदळणारा गोळा मातीत दुप्पट नव्हे, तर चौपट खोल खड्डा पाडत असे. या प्रयोगाच्या आधारे द्यु शातले यांनी लायब्निट्स यांचा पक्ष घेतला. अकादमीचे सचिव मेरां यांनी १७४१ मध्ये त्यांच्यावर जाहीर टीका केली. द्यु शातले यांनी त्याच वर्षी तिला मुद्देसूद उत्तर छापून प्रसिद्ध केले.

आजच्या दृष्टीने दोन्ही पक्ष निरनिराळ्या राशींविषयी बोलत होते. पहिली राशी संवेग, तर दुसरी गतिज ऊर्जेशी निगडित आहे. धावत्या मोटारीच्या उदाहरणाने हा फरक स्पष्ट होतो. ब्रेकचे बल तेवढेच ठेवून वेग दुप्पट केला, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार गाडी थांबण्यास दुप्पट वेळ लागतो. मात्र तेवढ्या वेळात ती चौपट अंतर कापते. म्हणूनच वेगात थोडी वाढ झाली तरी अपघाताचा धोका बराच वाढतो.

‘प्रिन्सिपिया’चा अनुवाद
१६८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त गतीचे तीन नियम मांडलेले आहेत. बस एकाएकी थांबली की प्रवासी पुढे झुकतो, हे पहिल्या, म्हणजे जडत्वाच्या नियमाचे उदाहरण होय. तेवढ्याच जोराने ढकलले असता रिकामी हातगाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर वेग घेते, हे दुसऱ्या नियमाचे. नावेतून काठावर उडी मारताना नाव मागे सरते, हे तिसऱ्याचे. न्यूटन यांनी मात्र ग्रंथातील सिद्धता भूमितीच्या कठीण भाषेत दिल्या होत्या. द्यु शातले यांनी १७२६ च्या तिसऱ्या आवृत्तीचा अनुवाद करून त्याला विस्तृत टीका जोडली. तिच्यातील गणिती भागात नव्या कलनशास्त्राचा वापर केला. क्लेरो यांनी त्यांना तपासणीत साहाय्य केले.

अखेरचे दिवस
१७४९ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्या पुन्हा गरोदर राहिल्या. त्या वयातील बाळंतपण जिवावर बेतू शकते, याची जाणीव असल्याने त्यांनी रात्री जागून काम पुढे रेटले. ४ सप्टेंबर रोजी त्यांना मुलगी झाली. हस्तलिखित पॅरिसच्या राजग्रंथालयाच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था त्यांनी केली होती. प्रसूतीनंतर सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. ती मुलगीही फार काळ जगली नाही.

संपूर्ण अनुवाद १७५९ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूटनच्या सिद्धान्तावरून वर्तवलेला हॅलेचा धूमकेतू त्याच वर्षी सूर्याजवळून गेला आणि गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताला फ्रान्समध्ये मोठे पाठबळ मिळाले.