जेम्स सिरिॲक्स

जेम्स हेन्री सिरिॲक्स (जन्म : १९०४, लंडन, मृत्यू : १९८५) हे ब्रिटिश वैद्यक होते. स्नायू, कंडरा, अस्थिबंध आणि सांध्यांची वेष्टने अशा मऊ ऊतींच्या दुखण्यांचे निदान केवळ हाताने तपासून करण्याची पद्धती त्यांनी विकसित केली. शस्त्रक्रियेवाचून करावयाच्या अस्थिवैद्यकाला त्यांनी ‘ऑर्थोपेडिक मेडिसिन’ हे नाव दिले आणि या शाखेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. कंबरदुखी हे बहुतांशी यांत्रिक स्वरूपाचे दुखणे असून मणक्यांमधील गादी हेच तिचे मुख्य कारण आहे, असे प्रतिपादन त्यांनी आयुष्यभर केले. त्यांची तपासणीची शिस्त टिकली. कारणासंबंधीचा सिद्धांत मात्र पुढील संशोधनात पूर्णपणे टिकला नाही.

कुटुंब आणि शिक्षण

हाताने करावयाच्या उपचारांची परंपरा सिरिॲक्स यांच्या घरातच होती. त्यांचे आजोबा हेन्रिक केल्ग्रेन हे स्वीडिश व्यायामोपचाराचे प्रसिद्ध जाणकार होते आणि त्यांनी लंडनमध्ये उपचारकेंद्र चालवले होते. या व्यायामोपचाराचा पाया पेर हेन्रिक लिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्टॉकहोममध्ये घातला होता. केल्ग्रेन यांची कन्या अन्न्युता ही जेम्स यांची आई. वडील एडगर सिरिॲक्स हेही याच परंपरेत शिकलेले वैद्यक होते.

जेम्स यांचे शालेय शिक्षण लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेज स्कूलमध्ये झाले. त्यानंतर केंब्रिज विद्यापीठाचे गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालय आणि लंडनमधील सेंट टॉमस रुग्णालयाचे वैद्यकीय विद्यालय येथे शिकून १९२९ मध्ये ते वैद्यक झाले. त्यांच्या पुढील कार्याचे केंद्र सेंट टॉमस रुग्णालय हेच राहिले.

कार्याची पार्श्वभूमी

तरुण वैद्यक म्हणून अस्थिरोग विभागात काम करताना सिरिॲक्स यांना एक विसंगती जाणवली. दुखणे घेऊन आलेल्या रुग्णाचे क्ष-किरण छायाचित्र काढले जाई. त्यात हाड मोडलेले, निखळलेले किंवा झिजलेले दिसले तर निदान होई व उपचारांची दिशा ठरे. छायाचित्र निर्दोष निघाले तर मात्र रुग्णाची रवानगी मालिश व शेकाच्या विभागाकडे होई. नेमके काय दुखावले आहे, हा प्रश्न तेथे क्वचितच विचारला जाई. अशा रुग्णांची संख्या मोठी होती आणि त्यांचे दुखणे संधिवात, स्नायूंची सूज किंवा मनाचा खेळ अशा ढोबळ नावांखाली मोडत असे.

क्ष-किरणांना हाड दिसते. स्नायू, कंडरा किंवा अस्थिबंध यांची इजा दिसत नाही. म्हणून या ऊतींच्या तपासणीची स्वतंत्र पद्धती हवी, असे सिरिॲक्स यांनी ठरवले. १९३८ मध्ये ते सेंट टॉमस रुग्णालयाच्या मालिश व उपचारात्मक व्यायाम विभागाचे प्रमुख झाले आणि हजारो रुग्णांच्या निरीक्षणातून ही पद्धती त्यांनी सिद्ध केली.

तपासणीची पद्धती

या पद्धतीचे मूलतत्त्व असे की, प्रत्येक ऊतीवर वेगवेगळा ताण देऊन कोणत्या ताणाने नेमके तेच दुखणे उमटते ते पाहावे. दुखऱ्या जागी बोट दाबून निदान करणे फसवे ठरते, कारण दुखणे पुष्कळदा मूळ जागेपासून दूर जाणवते. जोनास केल्ग्रेन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस खोल ऊतींमध्ये तीव्र क्षारद्रव टोचून केलेल्या प्रयोगांतूनही ही गोष्ट दिसून आली होती.

सिरिॲक्स तीन प्रकारच्या हालचाली तपासत. पहिल्या प्रकारात रुग्ण स्वतः अवयव हलवतो. दुसऱ्यात रुग्ण अवयव सैल सोडतो आणि तपासणारा तो हलवतो. यात सांध्याचे वेष्टन, अस्थिबंध यांसारख्या स्वतः आकुंचन न पावणाऱ्या ऊतींवर ताण येतो. तिसऱ्यात तपासणारा अवयव घट्ट धरून ठेवतो आणि रुग्ण त्याविरुद्ध जोर लावतो. सांधा हलत नसल्याने स्नायू व कंडरा यांचीच परीक्षा होते. तिन्हींचे निष्कर्ष जुळवून दोष कोठे आहे ते ठरवले जाई.

सांधा हालचालीच्या शेवटच्या टोकाला नेल्यावर तपासणाऱ्याच्या हाताला होणाऱ्या जाणिवेलाही त्यांनी महत्त्व दिले. तेथे हाडावर हाड आदळल्यासारखे वाटते, चामडे ताणल्यासारखे वाटते की स्प्रिंगसारखा अडथळा येतो, यावरून दोषाचा अंदाज येतो, असे त्यांनी दाखवले. संपूर्ण सांधा बिघडला असता त्याच्या निरनिराळ्या हालचाली ठरावीक प्रमाणात आखडतात, हेही त्यांनी नोंदवले.

कंबरदुखीविषयीचा सिद्धांत

१९३४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी मणक्यांमधील गादीचा भाग फुटून मज्जातंतूच्या मुळावर दाबला जातो व त्यामुळे पायात कळ जाते, हे शस्त्रक्रियांच्या आधारे मांडले. गृध्रसी म्हणजे सायटिकाचे एक स्पष्ट कारण त्यामुळे हाती आले. सिरिॲक्स यांनी हा विचार पायातील कळेपुरता न ठेवता कंबरदुखीलाही लावला.

गादीच्या आतील भागाला वेदनेची जाणीव नसते, मग कंबर दुखते कशी? गादीचा सरकलेला भाग मज्जारज्जूभोवतीच्या कठीण आवरणावर, म्हणजे दृढतानिकेवर दाबतो आणि वेदना त्या आवरणातून उद्भवते, असे त्यांचे उत्तर होते. १९४५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी ते मांडले. उसण भरलेल्या माणसाला खोकताना कंबरेत कळ येते, मान पुढे वाकवली तरी कंबर दुखते आणि उताणे झोपवून पाय सरळ वर उचलला की वेदना वाढते. या लक्षणांचा उलगडा आवरणावरील ताणाने होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पाठीच्या स्नायूंत लागणाऱ्या दुखऱ्या गाठी हा मूळ रोग नसून गादीच्या दोषाचा परिणाम आहे, असे सांगून त्यांनी ‘फायब्रोसायटिस’ हे तेव्हाचे प्रचलित निदान नाकारले. मणक्यांचे मागील लहान सांधे आणि त्रिकास्थीचा सांधा यांनाही त्यांनी सामान्य कंबरदुखीत फारसे स्थान दिले नाही.

उपचार

गादीचा दोष दोन प्रकारचा असतो, असे ते मानत. वाकताना किंवा वजन उचलताना एकाएकी उसण भरली, तर गादीच्या कडक कडेचा तुकडा सरकला असे समजावे आणि मणके हाताने ताणून व फिरवून तो जागेवर आणावा. या क्रियेला मॅनिप्युलेशन म्हणतात. दुखणे तासागणिक वाढत गेले, तर आतील मऊ गर बाहेर आला असे समजून कर्षण, म्हणजे ट्रॅक्शन द्यावे.

या दोन्ही उपायांनी न हटणाऱ्या दुखण्यासाठी व पायात उतरलेल्या कळेसाठी ते माकडहाडाजवळील छिद्रातून एपिड्युरल इंजेक्शन देत. त्यात प्रोकेनचे ०.५ टक्के तीव्रतेचे सुमारे ५० मिलिलिटर द्रावण असे. पायातील कळ बहुधा वर्षभरात आपोआप ओसरते, असे निरीक्षण नोंदवून शस्त्रक्रियेची घाई करू नये, असे ते सांगत. मात्र लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा बैठकीच्या भागाला बधिरता येणे ही लक्षणे असल्यास मॅनिप्युलेशन मुळीच करू नये, असा त्यांचा कडक इशारा होता.

कंबरेचा नैसर्गिक पुढील बाक राखून बसावे व उठावे, यावर त्यांचा भर होता. कंबरदुखीच्या रुग्णांकडून पुढे वाकण्याचे व्यायाम करवून घेण्यास त्यांचा विरोध होता. कंडरांच्या दुखापतीसाठी तंतूंना आडवे व खोलवर घर्षण देण्याचे त्यांचे तंत्रही सर्वत्र पसरले.

ग्रंथलेखन आणि अध्यापन

सिरिॲक्स यांच्या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘टेक्स्टबुक ऑफ ऑर्थोपेडिक मेडिसिन’ या नावाने तो पुढे वाढत गेला आणि १९८२ पर्यंत त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या. दुसरा खंड मॅनिप्युलेशन, मालिश व इंजेक्शने यांविषयी आहे. सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘द स्लिप्ड डिस्क’ हे पुस्तक लिहिले. पत्नी पॅट्रिशिया यांच्यासह लिहिलेली सचित्र मार्गदर्शिका १९८३ मध्ये आली.

मॅनिप्युलेशन हे त्या काळी ऑस्टिओपाथ, कायरोप्रॅक्टर आणि हाडवैद्य यांच्या हाती होते. वैद्यकव्यवसाय त्याकडे संशयाने पाही. सेंट टॉमसमध्ये जेम्स मेनेल यांनी ते आधीपासून शिकवले होते. सिरिॲक्स यांनी दोन्ही बाजूंवर टीका केली. मणक्यांवर सर्व रोगांचा भार टाकणारी ऑस्टिओपाथीची तत्त्वे त्यांना मान्य नव्हती आणि उपयुक्त उपचार परक्यांच्या हाती सोडणारे डॉक्टरही त्यांना दोषी वाटत. शरीररचनेचे शिक्षण घेतलेल्या व डॉक्टरांबरोबर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टने हे उपचार करावेत, असा त्यांचा आग्रह होता. नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबॉर्न आणि ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड या पुढे ख्यातनाम झालेल्या तज्ज्ञांवर त्यांच्या कार्याचा प्रभाव पडला. १९६९ मध्ये ते सेंट टॉमसमधून निवृत्त झाले, तरी लेखन व अध्यापन शेवटपर्यंत चालू राहिले. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात ते अभ्यागत प्राध्यापक होते.

मूल्यमापन

सिरिॲक्स यांच्या निष्कर्षांचा आधार मुख्यतः रुग्णानुभव हा होता. तुलनात्मक चाचण्यांचा नव्हता. ते हयात असतानाच, १९७५ मध्ये, डोरन आणि न्यूवेल यांनी ४५६ रुग्णांवरील ब्रिटिश अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मॅनिप्युलेशन, फिजिओथेरपी, कंबरपट्टा आणि वेदनाशामक गोळ्या यांची तुलना होती. काही रुग्णांना मॅनिप्युलेशनने लवकर आराम पडला, पण एकंदरीत चारही उपचारांत फारसा फरक आढळला नाही.

गादीच्या सिद्धांतालाही मर्यादा पडल्या. १९९४ च्या एका अमेरिकन अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या मणक्यांचे एमआरआय पाहिले गेले. त्यांतील ५२ टक्क्यांमध्ये किमान एका गादीला फुगवटा होता आणि २७ टक्क्यांमध्ये गादीचा भाग बाहेर आलेला होता. गादीतील बदल आणि वेदना यांचा संबंध सरळ नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले. त्यांनी दुय्यम मानलेले मणक्यांचे लहान सांधे आणि त्रिकास्थीचा सांधा हेही काही रुग्णांत वेदनेचे मूळ असू शकतात, असे पुढे दिसून आले. स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक गॉर्डन वॅडेल यांनी १९८७ मध्ये कंबरदुखीकडे शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती यांच्या एकत्रित संदर्भात पाहण्याचा विचार मांडला. बहुसंख्य रुग्णांत एकच निश्चित कारण सांगता येत नाही, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे आणि शक्य तितके हिंडतेफिरते राहण्याचा सल्ला दिला जातो.

असे असले तरी हालचालींची क्रमबद्ध तपासणी, दूर जाणवणाऱ्या वेदनेचे भान आणि धोक्याची लक्षणे आधी वगळण्याची शिस्त हे सिरिॲक्स यांचे योगदान फिजिओथेरपीच्या शिक्षणात कायम आहे. महाराष्ट्रासह भारतातील फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनाही त्यांची तपासणीपद्धती शिकवली जाते. क्ष-किरण छायाचित्र निर्दोष आहे म्हणून रुग्णाचे दुखणे खोटे ठरत नाही, हा विचार वैद्यकशिक्षणात रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.