व्यवसायोपचाराच्या प्रवर्तक : कमलाबाई निंबकर

रुग्ण बरा झाला म्हणजे नेमके काय झाले? ताप उतरला, हाड सांधले, टाके निघाले की त्याला घरी जाण्याची परवानगी मिळते. पण ज्याचा उजवा हात लुळा पडला आहे त्याने घरी जाऊन जेवायचे कसे, सदऱ्याची गुंडी लावायची कशी, हा प्रश्न शिल्लकच राहतो. या प्रश्नाला आपल्या देशातील वैद्यकात मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने भारतीय नव्हत्या.

इ. स. १९०० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. क्वेकर पंथाचा उल्लेख येथे मुद्दाम केला पाहिजे. मनोरुग्णांना साखळदंडांनी जखडून ठेवण्याच्या काळात याच पंथाच्या विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे एक आश्रयस्थान उघडले आणि तेथे रुग्णांना मायेची वागणूक व हाताला काम दिले. व्यवसायोपचाराच्या मुळांपैकी एक मूळ तेथे सापडते.

१९३० मध्ये विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या मुंबईस आल्या आणि कमला झाल्या. संसार, मुले, शाळेचे काम यांत वर्षे गेली. दुसरी एखादी स्त्री एवढ्यावर समाधानी राहिली असती. कमलाबाई मात्र चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. फिलाडेल्फियास जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि परत येऊन १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची भारतातील पहिली शाळा सुरू केली.

'व्यवसाय' या शब्दाने तेव्हाही घोटाळा होई आणि आजही होतो. रुग्णाला पोटापाण्याचा धंदा शिकवणे एवढाच त्याचा अर्थ नव्हे. माणूस दिवसभर जे जे करतो ते सारे त्याचे व्यवसाय : अंघोळ, स्वयंपाक, लेखन, बागकाम. यांतील कोणती कृती कोणत्या अवयवाला वा मनाला उपकारक ठरेल हे पारखून तीच औषधासारखी योजायची, हे या शास्त्राचे मर्म. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली व कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी निघालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. १९५८ मध्ये नागपुरासही शाळा निघाली.

त्यांनी लावलेल्या रोपाची कसोटी आज एका निराळ्याच क्षेत्रात लागते आहे. आयुर्मान वाढले तसे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घरोघरी दिसू लागले. हा विकार मुळापासून बरा करणारे औषध नाही. मग उपचार कशाचा करायचा? व्यवसायोपचारक हरवलेल्यापेक्षा उरलेल्याचा शोध घेतो. सुनेचे नाव विसरलेल्या आजींची बोटे वाती वळायला विसरलेली नसतात. कारण हातवळणीची स्मृती पुष्कळदा नावागावांच्या स्मृतीहून अधिक काळ टिकते. म्हणून भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी ओळखीची कामे त्यांच्यापुढे ठेवायची. मोठे काम असेल तर त्याचे लहान लहान टप्पे पाडून एका वेळी एकच सांगायचा. दिनक्रम रोज तोच ठेवायचा, न्हाणीघराच्या दारावर ठळक चित्र लावायचे, पायात अडखळणारी सतरंजी उचलायची. घडी वाकडी पडली तरी ती त्यांच्यादेखत उलगडून पुन्हा घालायची नाही. यातून स्मृती परत येत नाही, पण घरात आपलाही उपयोग आहे ही जाणीव काही काळ तरी टिकते. आणि सेवा करणाऱ्यांचाही भार थोडा हलका होतो.

१९७९ मध्ये कमलाबाईंचे निधन झाले. फलटण येथील 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांचे नाव चालवते. पदवी घेऊन बाहेर पडणारे आपण स्वतःचे मोल आपल्या बुद्धीने आणि स्मरणशक्तीने मोजतो. ती दोन्ही थकल्यावरही माणसाचे मोल उरते की नाही, याचे उत्तर त्यांच्या शास्त्राने हातात काम ठेवून दिले आहे. आपल्या घरातील वृद्धांच्या हातून आपण काम काढून घेतो तेव्हा त्याबरोबर आणखी काय काढून घेतो, याचा विचार प्रत्येकाने करावा.