दुर्गेचा डॉक्टर

भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटातून सकाळी एखादे जोडपे निघते, ठाण्याला येते आणि लोकलने परळ गाठते. हातात रिपोर्टांची पिशवी. शेजाऱ्यांना सांगायला कुठल्याशा नातेवाइकाच्या आजारपणाचे निमित्त. मूल व्हावे म्हणून चाललेल्या या येरझाऱ्यांत हार्मोनची इंजेक्शने आता अंगवळणी पडली आहेत. डॉ. सुभाष मुखर्जी हे नाव मात्र फार थोड्यांच्या कानांवर आलेले असते. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ ज्यांनी पाहिला, त्यांना त्यातला पंकज कपूर आठवेल. ती कहाणी या कलकत्त्याच्या डॉक्टरवरून सुचलेली.

मुखर्जींचा जन्म १९३१चा, हजारीबागचा. वैद्यकीचे शिक्षण कलकत्त्यात झाले. तिथे एक डॉक्टरेट, आणि १९६७ साली एडिंबरोहून दुसरी, प्रजननाच्या हार्मोनवरची.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्याला अडीच महिनेही झाले नव्हते, तोच ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात ‘दुर्गा’ जन्मली. इंग्रज डॉक्टरांनी निसर्गक्रमाने पिकलेले एकच स्त्रीबीज दुर्बिणीने काढले होते. मुखर्जींनी हार्मोन देऊन एका वेळी अनेक बीजे पिकवली आणि ती योनीमार्गे काढली. हार्मोनच्या माऱ्यानंतर गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजायला योग्य राहत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी गर्भ गोठवला आणि ५३ दिवसांनी, पुढच्या पाळीचक्रात, आईच्या उदरात सोडला.

या थांबण्याचा आणखी एक फायदा पुढे कळला. हार्मोनने डिवचलेले बीजकोश कधी कधी रक्तवाहिन्या वाढवणारा एक घटक, व्हीईजीएफ, भरमसाट सोडतात. वाहिन्या पाझरतात, पोटात पाणी साठते, रक्त दाटते. जिवावरही बेतू शकते. त्याच वेळी गर्भ राहिला तर त्याचे हार्मोन हा त्रास आणखी वाढवते. अशा बाईचे गर्भ गोठवून ठेवणे, बीजकोश शांत झाल्यावर ते सोडणे, हा आज सर्वमान्य उपाय आहे. व्हीईजीएफचा शोधच मुळी मुखर्जींच्या मृत्यूनंतरचा.

आणि त्यांच्या वाट्याला काय आले? सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक! समितीने दावा फेटाळला. दुर्गेचे आईवडील समाजाच्या भीतीने पुढे आले नाहीत. त्यांना दोष तरी कसा द्यावा? मुखर्जींना जपानच्या परिषदेला जाऊ दिले नाही. १९८१ साली बदली झाली ती नेत्रसंस्थेत. हार्मोनच्या अभ्यासकाने तिथे काय करायचे? १९ जून १९८१ रोजी त्यांनी जीवनयात्रा संपवली.

६ ऑगस्ट १९८६ला परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, आणि देशातली पहिली म्हणून तिचे नाव झाले. पुढे आनंद कुमार कलकत्त्याला गेले. मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी त्यांच्या हाती आल्या, त्या त्यांनी बारकाईने तपासल्या आणि १९९७ साली ‘करंट सायन्स’मध्ये जाहीर लिहून टाकले, की पहिलेपणाचा मान मुखर्जींचाच. स्वतःच्या नावावरचा विक्रम असा आपल्या हाताने पुसणारे शास्त्रज्ञ किती सापडतील?

२००३ साली, पंचविशीतली दुर्गा स्वतःच लोकांसमोर आली.