नाथांचा वाडा आणि नाथांची पोथी

दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून ही स्मरणिका निघते आहे. तीत नाथबाबांचं चरित्र आम्ही लिहावं असं मंडळींनी ठरवलं. आम्ही चौथी शिकलेलो. हातात कासरा जास्त आणि लेखणी कमी. पण कीर्तनाला उभं राहून केस पिकले आणि आपली दिंडी नाथांच्याच पालखीमागं चालते, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

नाथांच्या चमत्कारांच्या कथा तुम्ही सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. आम्ही इथं नाथांचं घर सांगणार आहोत. कीर्तन झाल्यावर पाया पडायला आलेली तरणी पोरं आम्हाला नेहमी एकच विचारतात, की महाराज, संसार सांभाळून हे कसं जमायचं? ज्ञानोबामाऊली ब्रह्मचारी, एकविसाव्या वर्षी समाधीला बसले. तुकोबांच्या घरची ओढाताण आपल्याला ठाऊक आहे. भरलेल्या घरात राहून, बायको-मुलं, पै-पाहुणे, नातवंडं या सगळ्यांच्या गलबल्यात ज्यांनी डोंगराएवढी पोथी लिहिली, असे नाथ. म्हणून त्या पोरांना आम्ही नाथांच्या वाड्यात नेतो.

नाथ पैठणचे. जन्म शके १४५५ च्या आसपासचा, म्हणजे इसवी सन १५३३. पणजोबा भानुदास महाराज. विजयनगरला गेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनी पंढरपुराला परत आणली असं आपला संप्रदाय मानतो. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघंही लेकरू लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी पोराला वाढवलं. आई-बापाविना वाढलेल्या पोराचं मन कसं असतं ते ज्याचं त्याला कळतं. आमच्या मते नाथांचं घर पुढं साऱ्या गावाला उघडं राहिलं, त्याचं मूळ इथं असावं.

बारा-तेरा वर्षांचं वय असताना नाथ कुणाला न सांगता देवगिरीला गेले. तिथं जनार्दनस्वामी किल्ल्याचे अधिकारी होते. दिवसा दरबारचं काम, बाकी वेळ दत्ताची उपासना. म्हणजे गुरूही संसारी आणि नोकरदार. हे ध्यानात ठेवा, कारण शिष्यानं पुढं तेच केलं. स्वामींनी पोराला हिशेबाच्या वह्या लिहायला बसवलं. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ दिव्यापाशी बसले ते पहाट व्हायला आली तरी उठले नाहीत. चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, त्यांनी सगळं पाहिलं, आणि एवढं ध्यान देवाकडं लागलं तर काय होईल ते शिष्याला समजावलं. ही कथा लोक भक्तीसाठी सांगतात. आम्हाला तीत लिहिणारा माणूसही दिसतो. एका पैसाठी रात्र जाळणारा माणूसच पुढं एकेक ओवी तपासत बसू शकतो.

स्वामींबरोबर तीर्थयात्रेला गेले असता त्र्यंबकेश्वरी गुरूंच्या आज्ञेवरून नाथांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत ओव्या केल्या. हे त्यांचं पहिलं लिखाण. पुढं ते एकटेच तीर्थं करत हिंडले. इकडं म्हातारे आजी-आजोबा वाट पाहून थकले. चक्रपाणी स्वतः देवगिरीला गेले आणि स्वामींकडून पत्र घेऊन आले. नाथ यात्रेवरून पैठणजवळ आले तेव्हा म्हाताऱ्यानं ते पत्र हातात ठेवलं. पत्रात आज्ञा होती की आता पैठण सोडू नकोस, लग्न कर, घर मांड. नाथ पत्र वाचून जिथं उभे होते तिथंच राहिले.

हे आम्ही कीर्तनात मुद्दाम सांगतो. नाथांना गुरूंनी घराबाहेर काढलं नाही, घरात धाडलं.

लग्न गिरिजाबाईंशी झालं. गोदावरी आणि गंगा या दोन मुली, आणि हरिपंडित हा मुलगा. घरात उद्धव नावाचा शिष्य होता, तो घरचाच होऊन राहिला. पहाटे गोदावरीचं स्नान, मग पूजा, पोथी. दुपारी दारात येईल त्याला जेवण. तिसऱ्या प्रहरी पुराण, रात्री कीर्तन. लिहायचं ते यातूनच वेळ काढून. आमच्याकडं म्हण आहे, रिकाम्या हाताला काम सुचत नाही आणि कामाच्या हाताला वेळ सापडतो. नाथांचं तसं होतं.

पण माऊली, दुपारी दारात येईल त्याला जेवण, हे म्हणायला एक ओळ आहे. चुलीपुढं बसणारीला विचारा. पावसाळ्याच्या रात्री भिजलेले अतिथी आले. घरात वाळलं सरपण नाही, तर नाथांनी आपला पलंग मोडून चूल पेटवली. पलंग नाथांनी मोडला खरा, पण अर्ध्या रात्री उठून भाकऱ्या थापायला गिरिजाबाईच बसल्या असतील. श्राद्धाच्या दिवशी सोवळ्यातला स्वयंपाक झालेला. वाटेनं जाणाऱ्या, गावानं शिवेबाहेर ठेवलेल्या उपाशी माणसांना त्याचा वास आला आणि त्यांचं लेकरू त्या अन्नासाठी हट्टाला पेटलं. नाथांनी त्या सगळ्यांना घरात बोलावून तेच अन्न पोटभर वाढलं. मग ब्राह्मणांसाठी गिरिजाबाईंनी सगळा स्वयंपाक पुन्हा केला. ब्राह्मण रुसले ते रुसलेच, आणि नाथांच्या घरी पितर स्वतः येऊन जेवले असं सांगतात. या कथेत आम्ही दुसऱ्यांदा पेटलेल्या चुलीपाशी थांबतो. त्या बाईनं कपाळाला आठी घातली असती तर नाथांचा परमार्थ त्या दिवशीच उंबऱ्यात अडला असता. आम्ही आषाढी वारीला निघतो तेव्हा पेरणी अंगावर आलेली असते. पाभरीमागं कोण चालतं, गुरांना वैरण कोण टाकतं, हे आपण सगळे जाणतो. टाळ आपल्या हातात दिसतो, पण त्याचा भार घरच्या माणसाच्या डोक्यावर असतो.

नाथांची भारुडं आपण नाचून म्हणतो. वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू चावलेला, सासुरवाडीला कंटाळलेली, फाटक्या संसाराला विटलेली, अशी सगळी माणसं त्यांत आहेत. सासू-सासरा, दीर-नणंदा सगळ्यांची वाट लाव म्हणून देवीला साकडं घालणारी बाई जंगलात बसून सुचत नाही. ती घरात, आडावर, गंगेच्या घाटावर ऐकावी लागते. वरून संसाराची कुरकुर आणि आतून काम-क्रोधाचं निरसन, अशी ती बांधणी आहे. संसार नसता तर भारूड झालं नसतं, असं आमचं ठाम मत आहे.

आता मोठी पोथी. भागवताच्या एकादश स्कंधावर नाथांनी मराठीत टीका लिहायला घेतली. पहिले पाच अध्याय पैठणात झाले. ते काशीपर्यंत पोचले आणि तिथल्या पंडितांना राग आला, की संस्कृतातलं ज्ञान हा माणूस बाया-बापड्यांच्या बोलीत का सांगतो? नाथांना बोलावणं आलं. नाथ गेले, भांडले नाहीत, तिथंच बसून पुढचे अध्याय लिहू लागले. काशीत असताना रुक्मिणी स्वयंवरही लिहिलं, ते शके १४९३ च्या रामनवमीला पुरं झालं. भागवत शके १४९५ च्या कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे इसवी सन १५७३ ला. एकतीस अध्याय, अठरा हजारांहून जास्त ओव्या. शेवटी त्याच पंडितांनी पोथीचा मान केला आणि काशीत तिची मिरवणूक निघाली असं सांप्रदायिक चरित्रांत आहे. आज गावोगावी चातुर्मासात नाथ भागवत लागतं ते हेच.

एवढं नाव झाल्यावर एखादा आपलंच लिहीत बसला असता. नाथांनी काय केलं, तर ज्ञानेश्वरी हाती घेतली. माऊलींना तीनशे वर्षं होत आली होती. नकला करता करता कुणी ओवी गाळलेली, कुणी पदरची घातलेली, कुणी शब्द बदललेला. संप्रदायात सांगतात की नाथांचा घसा दुखू लागला, माऊली स्वप्नात आले आणि अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे ती येऊन काढ म्हणाले. नाथ आळंदीला गेले, समाधीचा शोध घेतला. मग प्रती जमवून, ताडून पाहून शुद्ध ज्ञानेश्वरी सिद्ध केली. शके १५०६, इसवी सन १५८४, भाद्रपद महिना. यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही लिहून ठेवली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती यावरून. पैचा हिशेब शोधणारा तो पोरगा इथं कामी आला. स्वतः अठरा हजार ओव्या लिहिणाऱ्यानं दुसऱ्याच्या नऊ हजार ओव्यांत आपली एकही मिसळू दिली नाही.

आता जे सांगायचं ते थोडं जड आहे. काशीच्या पंडितांपुढं नाथ टिकले, पण घरातल्या पंडितापुढं त्यांना पोथी बांधून ठेवावी लागली.

हरिपंडित संस्कृतात फार हुशार झाले. बापाचं वागणं त्यांना रुचेना. मराठीत पुराण सांगणं, कुणाच्याही घरी जेवणं, दारात सगळ्या जातीची माणसं. वाद वाढत गेला आणि हरिपंडित बायको-मुलं घेऊन काशीला निघून गेले. नाथांच्या कीर्तनाला शेकडो माणसं बसत होती, पण घरातला मुलगा त्या सभेत नव्हता. गिरिजाबाईंना तर मुलगाही नाही आणि नातवंडंही नाहीत. म्हातारपणी नाथ काशीला गेले आणि मुलाला घरी चल म्हणाले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या. मराठीत पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

इथं बरेच कीर्तनकार घाईनं पुढं सरकतात. आम्हाला सरकवत नाही. ज्या बोलीसाठी काशीपर्यंत जाऊन उत्तर दिलं, ती बोली मुलासाठी बंद केली. काही लोक म्हणतात ही नाथांची ममता, संताला शोभत नाही. आम्हाला तसं वाटत नाही. गाढवाला तहानेनं तडफडताना पाहून ज्यानं रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्याच्या तोंडी ओतली, तो पोटच्या पोराला तोडून टाकून आपलं खरं करील कसा? गाढवासाठी कावड सोडली, मुलासाठी पोथी सोडली.

वाड्यात हरिपंडित संस्कृतातून पुराण सांगू लागले. विद्या खरी होती, पण माणसं हळूहळू गळत गेली. अंगण रिकामं पडलं. नाथ गप्प बसून राहिले.

मग एक विधवा म्हातारी आली. हजार ब्राह्मणांना जेवू घालीन असा संकल्प तिच्या घरी बोलला गेला होता आणि घरात तर दाणा नाही. नाथांना एकट्याला वाढलं तर संकल्प पुरा होईल असं तिला वाटलं. नाथांनी अट मोडली नाही, हरिपंडितांनाच तिच्या घरी स्वयंपाकाला नेलं. नाथ जेवून उठले आणि मुलाला पत्रावळ उचलायला सांगितली. एक उचलली तर खाली दुसरी, दुसरी उचलली तर तिसरी, अशा हजार झाल्या. हरिपंडितांनी बापाचे पाय धरले. वाड्यात पुन्हा मराठीतून पुराण सुरू झालं.

अंगणात माणसं परत आली आणि नाथ शेवटच्या मोठ्या कामाला लागले. भावार्थ रामायण. युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत लिखाण आलं आणि नाथांना आपली वेळ कळली. पुढचं कोण लिहिणार? घरात गावबा नावाचा मुलगा होता. गिरिजाबाईंच्या हातची पुरणपोळी रोज मिळते म्हणून राहिलेला, लोक त्याला पुरणपोळ्या म्हणून चिडवायचे. अक्कल बेताची, देवाचं नाव घे म्हटलं तर एकनाथ एवढंच म्हणायचा. नाथांनी पोथी त्याच्या हाती दिली आणि उरलेलं रामायण गावबानं पुरं केलं. गिरिजाबाईंच्या तव्यावरल्या पोळ्या अशा पोथीला लागल्या. मुलीचा मुलगा मुक्तेश्वर, त्यानंही आजोबांची वाट धरून मराठीत महाभारत लिहिलं. त्याची पाच पर्वं आज मिळतात. ज्या घरात मराठी बंद करा म्हणून भांडण झालं, त्याच घरात नातू मराठी कवी निघाला.

इसवी सन १५९९, फाल्गुन वद्य षष्ठी. नाथांनी गोदावरीत देह ठेवला. आजही षष्ठीला पैठणच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नसते. वाड्यात जाऊन तो रांजण पाहून या. देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं त्यात पाणी भरत होता, अशी आपली श्रद्धा आहे.

आणि पालखीचं सांगायचं राहिलं. नाथ गेल्यावर त्यांच्या पादुका घेऊन आषाढीला पंढरपूरची वाट पहिल्यांदा कोण चालला, तर हरिपंडितच, असं पैठणचे जुने लोक सांगत आले आहेत. आपली दिंडी शंभर वर्षं चालते आहे ती त्याच पालखीच्या मागं.