ओप्येन कॉपित

ओप्येन कॉपित (इ.स. १६११, अ‍ॅम्स्टरडॅम – इ.स. १६८९, आल्कमार) ही सतराव्या शतकातील डच प्रजासत्ताकातील एका सधन व्यापारी घराण्यातील स्त्री होय. रेम्ब्रांट या चित्रकाराने इ.स. १६३४ मध्ये तिचे व तिच्या पतीचे जोडचित्र रंगविले. त्यामुळे तिचा चेहरा कलारसिकांच्या परिचयाचा झाला. मात्र तो दीर्घकाळ दुसऱ्याच एका स्त्रीचा म्हणून ओळखला जात होता.

पूर्वायुष्य व विवाह

ओप्येनचा जन्म अ‍ॅम्स्टरडॅममधील एका जुन्या प्रतिष्ठित कुटुंबात झाला. इ.स. १६३३ मध्ये तिने मार्टेन सोलमन्स याच्याशी विवाह केला. तो तिच्याहून दोन वर्षांनी लहान होता व त्याचे शिक्षण लायडेन विद्यापीठात झाले होते. मार्टेनचे वडील अँटवर्प सोडून अ‍ॅम्स्टरडॅमला आलेल्या निर्वासितांपैकी होते. त्यांनी तेथे साखर शुद्ध करण्याचा कारखाना काढून मोठी संपत्ती मिळविली. वधूकडे कुळाचा मान आणि वराकडे नव्याने आलेला पैसा, असा हा संबंध होता. त्या काळच्या डच स्त्रिया विवाहानंतरही माहेरचेच आडनाव लावीत, म्हणून ओप्येन दोन विवाहांनंतरही कॉपितच राहिली.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या कारखान्यांत येणारी कच्ची साखर मुख्यतः ब्राझीलमधील उसाच्या मळ्यांतून येई. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांकडून तेथे राबवून घेतले जात असे. सोलमन्स कुटुंबाच्या वैभवाचा विचार करताना हा भाग वगळता येत नाही.

रेम्ब्रांटचे चित्र

विवाहाच्या पुढील वर्षी या दांपत्याने रेम्ब्रांटकडून आपली चित्रे काढून घेतली. रेम्ब्रांट तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. लायडेनहून अ‍ॅम्स्टरडॅमला येऊन त्याला थोडीच वर्षे झाली होती आणि व्यक्तिचित्रकार म्हणून त्याचे नाव झपाट्याने वाढत होते. दोन्ही चित्रे सुमारे दोन मीटर उंचीची असून त्यांतील व्यक्ती पायांपासून डोक्यापर्यंत, जवळजवळ प्रत्यक्ष आकारात उभ्या आहेत. असे पूर्णाकृती चित्र काढून घेणे ही तोवर राजेरजवाडे व सरदार यांची रीत होती. कारखानदाराच्या विशीतल्या मुलाने व त्याच्या पत्नीने ती उचलावी, यात त्यांची महत्त्वाकांक्षा स्पष्ट दिसते.

ओप्येन काळ्या रेशमी पोशाखात आहे. हा रंग शोकाचा नव्हे. गडद, न विटणारा काळा रंग कापडावर चढविणे खर्चिक असल्याने श्रीमंतांमध्ये तो प्रतिष्ठेचा मानला जाई. गळ्याभोवती रुंद पांढऱ्या लेसची कॉलर, मोत्यांचा सर, हातात शहामृगाच्या पिसांचा पंखा आणि कानशिलाजवळ एक लहानशी काळी टिकली आहे. ही टिकली गोऱ्या वर्णाला उठाव देण्यासाठी लावीत. आपल्याकडील दृष्ट लागू नये म्हणून लावायच्या तिटेशी तिचा संबंध नाही. एका हाताने घागरा किंचित उचलून ती पतीच्या दिशेने पाऊल टाकीत आहे, आणि शेजारच्या चित्रात मार्टेन हातमोजा पुढे करून उभा आहे. त्यामुळे दोन वेगळ्या चौकटींतही एकच प्रसंग उभा राहतो. त्या वेळी ती गरोदर असावी, असे काही अभ्यासक मानतात. एवढ्या थाटाच्या पोशाखातही चेहरा मात्र साधा, काहीसा संकोची आहे. प्रस्तुत चित्राचे खरे मोल या चेहऱ्यात आहे.

उत्तरायुष्य

मार्टेन इ.स. १६४१ मध्ये, तिशी गाठण्यापूर्वीच मरण पावला. इ.स. १६४७ मध्ये ओप्येनने मार्टेन डाय या लष्करी अधिकाऱ्याशी दुसरा विवाह केला. डाय विधुर होता; त्याच्या पहिल्या पत्नीचे नाव माख्टेल्ड व्हान दोर्न. तो पूर्वी डच वेस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत ब्राझीलमध्ये होता. तेथे त्याने फ्रान्सिस्का नावाच्या एका आफ्रिकन स्त्रीला डांबून ठेवून तिच्यावर अत्याचार केला व तिला मूल झाले, अशी नोंद तत्कालीन चर्चच्या कागदपत्रांत आहे. फ्रान्सिस्काचे चित्र मात्र कोणी काढले नाही. इ.स. १६५९ मध्ये डायही वारला आणि ओप्येनने पुढील तीस वर्षे वैधव्यात काढली. रेम्ब्रांटनंतरही ती वीस वर्षे जगली.

हरवलेले नाव

दोन्ही चित्रे पुढे डाय घराण्याच्या वारसांकडे राहिली. पिढ्या उलटल्या तशी स्मृती पुसट झाली. डाय आडनावाच्या घरातील चित्र म्हणून पुरुष मार्टेन डाय ठरला आणि स्त्री त्याची पहिली पत्नी माख्टेल्ड ठरली. दोन्ही पतींचे नाव एकच असल्याने घोटाळा अधिकच सोपा झाला. अशा रीतीने ओप्येनला तिच्याच चित्रात सवतीचे नाव मिळाले! अखेर इ.स. १९५६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या अभिलेखागारातील अभ्यासक इसाबेला व्हान एगेन यांनी जुन्या कागदपत्रांच्या आधारे चित्रांतील दांपत्याची खरी ओळख सिद्ध केली.

चित्रांची मालकी

इ.स. १८७७ मध्ये ही जोडी पॅरिसच्या रॉथ्सचाइल्ड कुटुंबाने विकत घेतली. त्यानंतर ती क्वचितच लोकांच्या दृष्टीस पडली. इ.स. २०१६ मध्ये फ्रान्स व नेदरलँड्स यांनी प्रत्येकी ८ कोटी, म्हणजे एकूण १६ कोटी युरो देऊन ती संयुक्तपणे खरेदी केली. मार्टेनचे चित्र नेदरलँड्सच्या, तर ओप्येनचे फ्रान्सच्या मालकीचे आहे. जोडीची ताटातूट करावयाची नाही, असा करार असल्याने ती लूव्र व राइक्सम्युझियम येथे आळीपाळीने एकत्रच मांडली जाते. राइक्सम्युझियमने इ.स. २०२१ मध्ये गुलामगिरीविषयी भरविलेल्या प्रदर्शनात दहा व्यक्तींच्या जीवनकथा सांगितल्या होत्या. त्यांपैकी एक ओप्येनची होती.