ट्रॅक्टरवाल्याचा क्लच

१९६३ सालचा ऑक्टोबर संपत आला होता. इटलीतील तुरिनच्या मोटार प्रदर्शनात एका नवख्या कंपनीची स्पोर्ट्स कार दिमाखात उभी होती. ‘३५० जीटीव्ही’ हे तिचे नाव. लांबलचक नाक, ठसठशीत बांधा आणि शेजारी मांडून ठेवलेले बारा सिलिंडरचे चकचकीत इंजिन. पाहणारे थबकत होते. बॉनेट मात्र प्रदर्शन संपेपर्यंत बंदच राहिले, कारण आत इंजिन नव्हतेच! तयार झालेले इंजिन बॉनेटखाली मावत नव्हते. गाडीचे तोंड वर उचललेले दिसू नये म्हणून आत चक्क विटांचे वजन ठेवण्यात आले होते.

या गाडीच्या मागे उभी असलेली असामी मोटारींच्या दुनियेतली नव्हती. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी यांना उत्तर इटलीतील शेतकरी ओळखत होते ते ट्रॅक्टरमुळे. घरे गरम ठेवणाऱ्या बर्नरचाही त्यांचा मोठा कारखाना होता. वय ४७, पैसा मुबलक, अनुभव भरपूर. अशा माणसाने मोटार बनवण्याच्या फंदात का पडावे, हा प्रश्न त्यांच्या निकटवर्तीयांनाही पडला होता. त्याचे उत्तर स्वतः लॅम्बोर्गिनी पुढे आयुष्यभर एकाच शब्दात देत राहिले. तो शब्द म्हणजे क्लच.

फेरुचिओ यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ चा, चेंतोजवळच्या रेनाझो गावातला. आईवडील शेतकरी. पण मुलाचा जीव नांगरापेक्षा नांगर ओढणाऱ्या यंत्रात अधिक. तांत्रिक शिक्षण झाले आणि महायुद्ध पेटले. १९४० मध्ये ते हवाई दलात भरती झाले आणि ऱ्होड्स बेटावर वाहनदुरुस्ती विभागात त्यांची रवानगी झाली. समुद्राने वेढलेल्या बेटावर सुटे भाग येणार कुठून? आहे त्यातूनच गाडी चालती करायची, ही विद्या त्यांनी तिथे आत्मसात केली. युद्धाच्या अखेरीस बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले, लॅम्बोर्गिनी युद्धकैदी झाले आणि १९४६ मध्ये घरी परतले. त्यांनी पिएव्हे दी चेंतो येथे गॅरेज उघडले. १९४७ मध्ये मुलाला जन्म देताना पत्नी क्लेलिया यांचे निधन झाले. मुलाचे नाव तोनिनो. तान्हे मूल आणि नुकताच थाटलेला व्यवसाय, दोन्ही सांभाळायचे होते.

गॅरेजमधल्या रिकाम्या वेळात त्यांनी फियाटची छोटी ‘तोपोलिनो’ हाताशी घेतली. मूळ इंजिन अवघे ५६९ सीसीचे. ते वाढवून त्यांनी ७५० सीसीचे केले, वरची बॉडी उतरवून उघडी दोन आसनी गाडी बनवली आणि १९४८ च्या ‘मिल्ले मिलिया’ या विख्यात शर्यतीत स्वतः उतरले. सुमारे ११०० किलोमीटर गाडी धावली. मग तुरिनजवळच्या फियानो येथे ती रस्त्याकडेच्या खानावळीच्या भिंतीत घुसली. शर्यतीचा नाद तिथेच संपला. ट्यूनिंगचा नव्हे, शर्यतीचा. हा फरक महत्त्वाचा आहे. इंजिनातून अधिक शक्ती कशी काढायची हे या माणसाने स्वतःच्या हाताने करून पाहिले होते. त्यामुळे पुढे मोठमोठ्या अभियंत्यांपुढे तो दबला नाही.

दरम्यान शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवे होते आणि नवा ट्रॅक्टर घेण्याची कोणाची ऐपत नव्हती. लष्कराने टाकून दिलेल्या वाहनांचे ढीग मात्र होते. लॅम्बोर्गिनी यांनी त्यातली मॉरिस ट्रकची सहा सिलिंडरची इंजिने उचलली आणि त्यांभोवती ट्रॅक्टर उभा केला. पेट्रोल महाग होते. म्हणून इंधनाची वाफ करणारे एक उपकरण त्यांनी स्वतः बनवले. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे आणि तापले की स्वस्त डिझेलवर न्यायचे, अशी ती युक्ती. ‘कॅरिओका’ नावाचा हा ट्रॅक्टर चालला आणि १९४८ मध्ये लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली.

ट्रॅक्टरच्या क्लचची कसोटी काही औरच असते. पेडल दिवसातून शेकडो वेळा दाबले जाते. मागे नांगर रुतलेला असतो आणि समोर ओली जमीन. ऐन पेरणीत क्लच गेला तर हंगाम जातो, आणि शेतकरी सबबी ऐकून घेत नाही. दहा वर्षे अशा ग्राहकांना तोंड दिलेला हा माणूस १९५८ च्या सुमारास फेरारीचा ग्राहक झाला.

तोवर त्यांच्याकडे लान्सिया, मासेराती, मर्सिडीज अशा नामांकित गाड्या येऊन गेल्या होत्या. फेरारीच्या ‘२५० जीटी’चे इंजिन त्यांना मनापासून आवडले. क्लच मात्र वारंवार घसरू लागला. दुरुस्तीसाठी गाडी जवळच्याच मारानेल्लोला फेरारीच्या कारखान्यात न्यायची, तासन्‌तास ताटकळायचे, काम डोळ्यांआड व्हायचे आणि काही दिवसांत पुन्हा तीच रड. शेवटी त्यांनी गाडी आपल्याच ट्रॅक्टरच्या कारखान्यात खोलली. क्लच इंजिनाच्या मानाने लहान असल्याचे दिसले. ट्रॅक्टरसाठी वापरला जाणारा मोठा क्लच बसवला आणि दुखणे थांबले, असे ते सांगत.

क्लचचे काम सांगायला सोपे आहे. इंजिनाचे फ्लायव्हील सतत फिरत असते. गिअरबॉक्सचा दांडा कधी थांबलेला, कधी फिरता. या दोहोंमध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली प्लेट स्प्रिंगच्या दाबाने आवळून धरली की दोन्ही एकत्र फिरतात. ही पकड किती जोर पेलेल, हे प्रामुख्याने अस्तराचे घर्षण, स्प्रिंगचा दाब आणि प्लेटचा व्यास यांवर ठरते. इंजिन ट्यून करून टॉर्क वाढवला आणि क्लच जुनाच ठेवला, तर इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडीचा वेग तितका वाढत नाही. प्लेट घसरते, तापते, अस्तर गुळगुळीत होते आणि जळका वास सुटतो. उपाय करावा तर त्यालाही किंमत आहे. स्प्रिंगचा दाब वाढवला की पेडल जड होते. प्लेट मोठी केली की फिरणारे वजन वाढते आणि इंजिन चटकन फेरे घेईनासे होते. शर्यतीच्या गाडीत म्हणून लहान, हलका क्लच पसंत करतात. एकदा सुटले की तिथे पुन्हा थांबायचे नसते. रस्त्यावर मात्र सिग्नल आहे, चढ आहे, गाडी मागे घेणे आहे. त्यात शर्यतीसाठी ट्यून केलेले इंजिन कमी फेऱ्यांवर अशक्त असते. गाडी जागची हलवायची तर अॅक्सिलरेटर दाबून हाफ क्लचवर धरावी लागते. गर्दीत गाडी चालवणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. ट्यूनिंगचा भुर्दंड क्लचला असा दुहेरी पडतो.

एन्झो फेरारी यांचे लक्ष शर्यतीवर होते. रस्त्यावरच्या गाड्या विकून ते शर्यतीचा खर्च भागवत. लॅम्बोर्गिनी तक्रार घेऊन गेले तेव्हा फेरारी यांनी दोष क्लचचा नसून चालवणाऱ्याचा असल्याचे सुचवले, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला फेरारी झेपणार नाही असा टोमणा मारला आणि त्या अपमानातून नवी कंपनी जन्मली, अशी कथा प्रसिद्ध आहे. या भेटीचा तपशील मुख्यतः लॅम्बोर्गिनी यांच्याच कथनातून आलेला आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. सांगता सांगता गोष्ट रंगते. शिवाय हा माणूस व्यापारी होता. ट्रॅक्टरला लागतो तसाच भाग महागड्या मोटारीत कितीतरी जास्त किमतीला विकला जातो, हे गणित त्याच्या नजरेतून सुटलेले नव्हते. अपमान खरा असेल. पण केवळ अपमानापायी कोणी कारखाना उभारत नाही.

सांत आगाता बोलोन्येझे येथे कारखान्याची उभारणी सुरू झाली. इंजिनाचे काम जिओत्तो बिझारिनी यांच्याकडे गेले. फेरारीची ‘२५० जीटीओ’ घडवणारे आणि १९६१ मध्ये अंतर्गत बंडाळीनंतर फेरारीतून बाहेर पडलेले हे अभियंते. फेरारीच्या इंजिनापेक्षा जितकी अश्वशक्ती जास्त, तितका मोबदला जास्त, असा त्यांच्याशी करार झाल्याचे सांगितले जाते. करारच असा म्हटल्यावर बिझारिनी यांनी हात कशाला आखडता घ्यावा? साडेतीन लिटर, बारा सिलिंडर, चार कॅमशाफ्ट. सिलिंडरचा व्यास ७७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव अवघी ६२ मिलिमीटर, म्हणजे फेरे घेण्यासाठीच जन्मलेले इंजिन. मिनिटाला ९८०० फेऱ्यांवर सुमारे ३६० अश्वशक्ती! रस्त्यावरच्या गाडीसाठी त्या काळात हा आकडा अचाट होता.

लॅम्बोर्गिनी मात्र खूश झाले नाहीत. त्यांना शर्यतीचे इंजिन नको होते. हजारो किलोमीटर तक्रार न करता चालेल, कामावर जाताना आणि परतताना सारख्याच खुशीने चालवता येईल, अशी गाडी त्यांना हवी होती. इंजिनाची शक्ती कमी करा, असे त्यांचे म्हणणे. आपले इंजिन आहे तसेच उत्तम आहे, असे बिझारिनी यांचे. मोबदल्यावरूनही खटके उडाले आणि बिझारिनी दूर झाले. खिशातले पैसे खर्चून फेरारीला मागे टाकणारे इंजिन बनवून घ्यायचे आणि मग स्वतःच त्याची धार बोथट करायला सांगायचे, हे वरकरणी विक्षिप्तपणाचे वाटते. खानावळीच्या भिंतीत घुसलेली ती ‘तोपोलिनो’ आणि चिखलात रुतलेला ट्रॅक्टर, या दोन्ही गोष्टी ज्याने जवळून पाहिल्या त्याला तसे वाटले नसावे.

हे काम जान पाओलो दालारा आणि पाओलो स्टान्झानी या दोन तरुणांवर सोपवले गेले. दोघेही तिशीच्या आतले. त्यांनी कॉम्प्रेशन उतरवले. इंजिनाबाहेर तेलाची वेगळी टाकी ठेवण्याची शर्यतीतली पद्धत सोडून साधे ऑइल संप दिले. इंजिन बॉनेटखाली मावू देत नसलेले उभे कार्ब्युरेटर काढून आडवे बसवले. कॅमची घडणही सौम्य केली. शर्यतीचा कॅम व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडे ठेवतो. त्यामुळे चढ्या फेऱ्यांवर इंजिन भरभरून श्वास घेते, पण खालच्या फेऱ्यांवर अडखळते. कॅम सौम्य केला की शिखरावरची शक्ती घटते आणि उपयोगाचा टॉर्क खालच्या फेऱ्यांत मिळतो. गाडी अलगद जागची हलते, प्लेट कमी घासते. बिझारिनी यांच्या ३६० अश्वशक्तीतून मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर सुमारे २८० उरली. १९६४ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘३५० जीटी’ अवतरली, तेव्हा तिचे बॉनेट उघडण्यास कोणाची हरकत नव्हती. पुढच्या ‘४०० जीटी’त लॅम्बोर्गिनीचा स्वतःचा गिअरबॉक्स आला.

बिझारिनी यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांनी रचलेल्या त्या इंजिनाचा गाभा इतका दणकट होता की, वाढत वाढत साडेसहा लिटरपर्यंत जाऊन तो २०१० पर्यंत, ‘मुर्सिएलागो’ बंद होईस्तोवर, लॅम्बोर्गिनीच्या गाड्यांत टिकला. क्लचचे पेडल त्यानंतर फार टिकले नाही. २०१३ मध्ये ‘गॅलार्डो’चे उत्पादन थांबले आणि पायाने दाबायचा क्लच या कारखान्यातून हद्दपार झाला.

टिकाऊपणाचा आग्रह धरणाऱ्या या मालकाचे नाव जगभर झाले, ते मात्र त्याच्या आग्रहाशी फारशी न जुळणाऱ्या गाडीमुळे. दालारा, स्टान्झानी आणि न्यूझीलंडचे चाचणी चालक बॉब वॉलेस यांच्या डोक्यात शर्यतीचे वारे होते. कामाचे तास संपल्यावर त्यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे, तेही आडवे बसवण्याचा आराखडा केला. लॅम्बोर्गिनी यांनी जाहिरातीपुरती म्हणून परवानगी दिली. मार्चेलो गांदिनी यांनी रेखलेली ‘मिउरा’ १९६६ मध्ये जिनिव्हात आली आणि श्रीमंतांची रांग लागली. सेव्हिलमधील लढाऊ बैलांच्या विख्यात पैदासकाराचे नाव तिला दिले होते. फेरुचिओ यांची रासही वृषभच! जागा वाचवण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात, एकाच तेलात ठेवले होते. गिअरच्या दात्यांची झीज मग थेट इंजिनाच्या तेलात मिसळणार. शेतावरच्या मेकॅनिकनेही नाक मुरडावे अशी ही सोय. शेवटच्या काही ‘मिउरा एसव्ही’ गाड्यांत ही तेले वेगळी करण्यात आली. शर्यतीत उतरण्यास लॅम्बोर्गिनी यांनी शेवटपर्यंत नकार दिला.

उतरण मोटारींमुळे नव्हे, ट्रॅक्टरमुळे लागली. १९७१ मध्ये बोलिव्हियात सत्तापालट झाला आणि तिथून आलेली ट्रॅक्टरची प्रचंड मागणी रद्द झाली. तयार माल पडून राहिला. कामगार संघटनांच्या ताकदीमुळे कामगार कमी करणेही शक्य नव्हते. ट्रॅक्टर कंपनी ‘सामे’ने घेतली. मोटार कंपनीतील ५१ टक्के हिस्सा १९७२ मध्ये स्वित्झर्लंडच्या जॉर्ज-हेन्री रोसेत्ती यांना आणि उरलेला १९७४ मध्ये रेने लाइमर यांना विकून लॅम्बोर्गिनी मोकळे झाले. तेव्हा त्यांनी साठीही गाठलेली नव्हती.

उंब्रियामध्ये त्रासिमेनो सरोवराकाठी ‘ला फिओरिता’ नावाची मोठी शेती त्यांनी घेतली होती. आता ते तिथेच राहू लागले. द्राक्षाचे मळे लावले, वाइन तयार करू लागले. लाल वाइनला नाव दिले ‘मिउराचे रक्त’ अशा अर्थाचे. २० फेब्रुवारी १९९३ रोजी पेरुजा येथे वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बोलोन्याच्या चेर्तोझा दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. एन्झो फेरारी त्याआधी पाच वर्षे, १९८८ मध्ये गेले होते.